रिवॉशची गाठोडी : हाउसकीपिंगच्या पहिल्या नोकरीतलं एक प्रकरण

पुण्यातल्या एका हॉटेलात 2011 च्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर काम करणाऱ्या रूम अटेंडंटांच्या पगारातून लागोपाठ दोन महिने टॉवेलांचे पैसे कापले गेले. स्टॉक मोजला, तिसऱ्या मजल्याचे टॉवेल कमी भरले, म्हणून भरपाई तिसऱ्या मजल्याने करायची, एवढा सरळ हिशोब. बाथ टॉवेलचे दोनशे, हँड टॉवेलचे साठ, सगळ्यांत वाटून माणशी चारशेच्या वर. ज्यांच्या हातात महिन्याला सहा हजारसुद्धा पडत नव्हते त्यांच्यासाठी ही रक्कम म्हणजे घरचा गॅस सिलिंडर.

मी त्या मजल्यावर होते आणि ती माझी पहिली नोकरी होती. आता मी हॉटेलांच्या लिननचं, म्हणजे चादरी-टॉवेलांचं, आणि लॉन्ड्रीचंच काम बघते. नव्या सुपरवायझरांना शिकवायची वेळ आली की मी हे प्रकरण समोर ठेवते, कारण यात चोर कुणीच नव्हता, तरी चोरीचा दंड मात्र वसूल झाला होता. हॉटेलचं, लॉन्ड्रीचं, ठेकेदाराचं नाव देत नाही. तशीच व्यवस्था तेव्हा कितीतरी ठिकाणी होती आणि अजूनही सापडते.

मजला आणि माणसं

हॉटेल शंभरेक खोल्यांचं. सोमवार ते गुरुवार हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांचे पाहुणे, आणि मुहूर्ताच्या तारखांना लग्नं. खाली दोन हॉल आणि एक लॉन. वऱ्हाडासाठी खोल्या लागल्या की त्या शक्यतो तिसऱ्या मजल्यावर दिल्या जायच्या, कारण आतून एकमेकींना जोडलेल्या खोल्या त्याच मजल्यावर जास्त होत्या. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

हाउसकीपिंगच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांच्या हाताखाली फ्लोअर सुपरवायझर, तळघरात लिनन रूम सांभाळणारे दादा, आणि मग आम्ही. आमच्यातले निम्मे हॉटेलच्या पटावर, निम्मे ठेकेदाराकडून आलेले. काम तेच, युनिफॉर्म तोच, फक्त पगाराची पावती वेगळी. मी पटावर होते, प्रोबेशनवर. माझ्यासोबत काम करणाऱ्या, ताडीवाला रोडवरून येणाऱ्या मावशी माझ्या कितीतरी आधीपासून तिथे होत्या आणि तरीही ठेकेदाराच्याच होत्या. मला काम शिकवलं ते त्यांनी. ट्रेनिंगमध्ये चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकवतात. पाहुणा खोलीत असताना दार किती उघडं ठेवायचं, ट्रॉली दारात आडवी का लावायची आणि बादली उचलताना पाठ कशी वाचवायची, हे मावशीच सांगतात.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, लूम बिघडला की दुरुस्त करणारे. शाळेला सुट्टी लागली की आम्ही पोरं टॉवेलांच्या कडा शिवून, दोरे कापून नगावर पैसे मिळवायचो. त्यामुळे टॉवेल हातात आला की किनार बघायची, उलटा करून विणीतले दोऱ्याचे फंदे बघायचे, ही सवय होतीच. सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की पाहुण्यांसमोर तोंडातून सोलापुरी ‘बे’ निघता कामा नये. ती सवय महिनाभरात सुटली. किनार बघायची सुटली नाही.

टॉवेल कसा फिरतो

सकाळी सातला ब्रीफिंग, सेक्शन शीट (आपल्या वाट्याच्या खोल्यांचा कागद), किल्लीसाठी सही, ट्रॉली, आणि चार वाजेपर्यंत चौदा खोल्या. दोन जणांच्या खोलीला दोन बाथ टॉवेल, दोन हँड टॉवेल, दोन फेस टॉवेल आणि एक बाथ मॅट. सगळ्या खोल्यांचा मिळून असा एक संच म्हणजे एक पार. चांगल्या हॉटेलात चार-पाच पार ठेवतात: एक खोलीत, एक पॅन्ट्रीत, म्हणजे मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत, एक लॉन्ड्रीत, एक लिनन रूममध्ये आणि जमलं तर एक राखीव. आमच्याकडे कागदावर चार होते. एक पार जरी कुठे अडकला तरी सगळ्यांची ओढाताण व्हायची, आणि दुपारी चेक-इन सुरू झाल्यावर शेजारच्या मजल्याच्या ट्रॉलीवरून टॉवेल उचलण्याचे प्रकार व्हायचे. ते चुकीचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे करायचे.

वापरलेलं लिनन शूटमधून, म्हणजे मजल्यांवरून खाली उतरणाऱ्या मोठ्या नळीतून, तळघरात जायचं. खोल्या झाल्या की आपण किती नग खाली टाकले ते शीटवर लिहायचं, तेवढेच धुतलेले नग लिनन रूममधून मिळायचे. नगाला नग. हे सोपं होतं आणि बऱ्यापैकी चालायचं.

डागाळलेल्या नगांचा नियम मात्र वेगळा. हळद, मेंदी, केसांचा रंग, बूटपॉलिश लागलेले टॉवेल शूटमध्ये टाकायचे नाहीत. ते एका जुन्या चादरीत बांधून, गाठ मारून, हाताने लिनन रूममध्ये नेऊन द्यायचे. नियमामागे कारण होतं. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते आणि लॉन्ड्रीचं धुणं अल्कलीचंच. हळदीचे चार टॉवेल बाकीच्या धुण्यात गेले तर बाहेर येताना गुलाबी ढग घेऊन येतात. हळद निदान उन्हात टाकली तर फिकी पडते. मेंदी आणि हेअर डाय हटत नाहीत. दातांच्या डॉक्टरने दिलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशचा डाग तर आधी दिसतही नाही, क्लोरीनचं ब्लीच लागलं की तपकिरी उमटतो आणि मग कायमचा बसतो. म्हणून असे नग वेगळे काढून रिवॉशला, म्हणजे दुसऱ्यांदा खास धुवायला पाठवायचे.

रिवॉशच्या गाठोड्याबदली नवे नग लगेच मिळत नसत. ‘ते धुऊन आले की देतो,’ हे दादांचं ठरलेलं उत्तर. पावती नाही, वहीत नोंद नाही. गाठोडं कोपऱ्यात पडायचं आणि संध्याकाळी लॉन्ड्रीच्या टेम्पोत जायचं.

कपात

एप्रिल-मेमध्ये लग्नसराई जोरात होती. तिसऱ्या मजल्यावर एकामागून एक वऱ्हाडं उतरत होती, आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये गेलं की पांढरा टॉवेल शोधावा लागायचा. आम्ही नियमाप्रमाणे गाठोडी बांधून खाली देत होतो. दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा तसं करत नव्हता. तो पिवळा टॉवेल पांढऱ्याच्या पोटात गुंडाळायचा आणि शूटमध्ये सोडून द्यायचा. त्याला नगाला नग मिळत राहिले.

महिनाअखेरीस स्टॉक मोजला गेला. मजल्यावरच्या खोल्या, ट्रॉल्या आणि पॅन्ट्री मोजायची आणि त्या मजल्याच्या ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहायची, अशी पद्धत. तिसरा मजला चांगलाच कमी भरला. दुसरा मजला जवळजवळ बरोबर. मीटिंगमध्ये सांगण्यात आलं की तिसऱ्या मजल्यावर लक्ष कमी पडतंय, टॉवेल एकतर पाहुण्यांच्या बॅगेत जातायत नाहीतर दुसरीकडे. ‘दुसरीकडे’ म्हणताना सुपरवायझरची नजर ठेकेदाराच्या बायकांकडे गेली ते सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून घरी जाताना पिशव्या तपासायला सुरुवात झाली, आणि तीही आधी ठेकेदाराच्या लोकांच्या.

मे महिन्यातही तेच. दुसरी कपात झाली तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, ‘पोरी, माझ्या घरात बाथ टॉवेल घेऊन मी करू काय? आमच्या चाळीत न्हाणीला दारच नाही.’

काय सापडलं

दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी हाती लागल्या.

पहिली पॅन्ट्रीतच होती. हॉटेलचे टॉवेल सोलापूरचेच होते, माझ्या ओळखीच्या विणीचे: टोकापासून चार बोटांवर दोन बारीक डॉबी (नक्षीच्या विणीच्या) पट्ट्या, त्यांच्यामध्ये एक सपाट रेघ. नाव विणलेलं नव्हतं, शिक्का नव्हता, कारण साधा पांढरा माल स्वस्त पडतो. जूनच्या सुरुवातीला धुऊन आलेल्या गठ्ठ्यात मला एकच रुंद पट्टी असलेले हँड टॉवेल दिसायला लागले. आधी वाटलं, नवा लॉट आला असेल. पण नवा टॉवेल आणि शंभर धुण्यांतून गेलेला टॉवेल यातला फरक हाताला कळतो: जुन्याचे फंदे बसलेले असतात, कडेचा दोरा पिंजलेला असतो. हे टॉवेल जुनेच होते, फक्त आमचे नव्हते.

किचन स्टोअरमधल्या ओळखीच्या मुलाला सांगून मी दोन्ही प्रकार काट्यावर ठेवले. टॉवेलचा दर्जा जीएसएमने सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. चाळीस बाय साठ सेंटिमीटरचा पाचशे जीएसएमचा हँड टॉवेल एकशेवीस ग्रॅमचा असायला हवा. धुण्यांत थोडी झीज धरली तर आमचा त्याच्या आसपास होता. रुंद पट्टीचा नव्वदलाही नीट पोचत नव्हता. लॉन्ड्री एकाच वेळी पाच-सहा हॉटेलांचं धुणं घेत होती. आमचा जाड माल दुसऱ्या कुणाच्या तरी बाथरूमला लागला होता आणि त्यांचा पातळ आमच्याकडे आला होता. नग मोजताना हे कळत नाही. मोजणाऱ्याच्या लेखी टॉवेल तो टॉवेल.

दुसरी गोष्ट मावशींच्या कपाटात होती. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. जुनी सेक्शन शीटं टाकून देण्याऐवजी त्या जपून ठेवायच्या आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने रेघा ओढायच्या. रतिबाचं दूध घालणारा दाराच्या चौकटीवर ओढतो तशा: चार उभ्या, पाचवी आडवी. वरच्या ओळीत मोठे, खालच्या ओळीत छोटे. मी विचारलं तेव्हा कळलं की प्रत्येक गाठोड्यात किती बाथ टॉवेल आणि किती हँड टॉवेल बांधून दिले त्याचा तो हिशोब होता. शीटवर तारीख छापलेली असायचीच, त्यामुळे तारखेचा प्रश्न मिटला. ‘लिननवाला लिहीत नाही, मग मी लिहिते,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या कुणी विचारलं तर.’ दोन महिने कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन दाखवायला जावं असं तिथलं वातावरण नव्हतं.

त्या रेघा मी एका कागदावर मांडल्या. मे महिन्यातल्या रेघांची बेरीज आणि त्या महिन्याची तिसऱ्या मजल्याची तूट यांत फार अंतर नव्हतं. जे अंतर होतं ते मावशींच्या सुट्टीच्या दिवसांचं असावं असा माझा अंदाज. त्या दिवशी रेघा ओढणारं कुणी नव्हतं.

मॅडमसमोर

आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मी टॉवेल घेऊन, मावशी शीटं घेऊन. मॅडम चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही टॉवेल खिडकीशी नेऊन पाहिले आणि दादांना लॉन्ड्रीच्या चलनांची, म्हणजे माल गेल्या-आल्याच्या पावत्यांची, फाइल घेऊन वर बोलावलं.

चलनांवर सगळं होतं: चादरी, ड्युव्हे कव्हर, बाथ, हँड, फेस, मॅट. किती गेले, किती आले, बाकी किती. रिवॉशची एकही ओळ नव्हती. दादांनी दिलेलं कारण मला आजपर्यंत प्रत्येक लिनन रूममध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतं: ‘मॅडम, रिवॉशचं बिल लागत नाही. बिल नाही त्याचं चलन कशाला?’

सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं. लॉन्ड्रीला पैसे नगावर मिळायचे, म्हणून जाणारा प्रत्येक नग लिहिला जायचा. रिवॉश फुकट, म्हणून टेम्पोवाला ते गाठोडं कागदाविना उचलायचा. धुऊन परत आलं तर नेहमीच्या मालातच मिसळून यायचं आणि दुसऱ्या कुठल्या तरी तुटीत जिरून जायचं. आलं नाही तर मागायला पुरावा नव्हता. लॉन्ड्रीच्या हिशोबात ते नग आलेच नव्हते. लिनन रूमच्या हिशोबात गेलेच नव्हते. मग ते असायला हवे होते कुठे? तिसऱ्या मजल्यावर. आणि ज्या मजल्याने नियम पाळून डाग वेगळे काढले त्याचीच तूट दिसत होती. ज्याने पिवळं पांढऱ्यात लपवून शूटमध्ये सोडलं त्याचा हिशोब चोख.

दादांबद्दल तेव्हा मला राग होता, आता फारसा नाही. एका माणसाने तळघरात बसून शंभर खोल्यांचं लिनन दिवसातून दोनदा मोजायचं, वर युनिफॉर्म द्यायचे, शिंप्याचं काम बघायचं. अशा माणसाने बिनकामाची वाटणारी नोंद टाळली. वही कुठली असावी हे ठरवणं त्याच्या वरच्यांचं काम होतं. पण पगार कापताना वर कुणी पाहत नाही.

कायद्याचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, मॅडमनाही फारसं नसावं. पुढे काही वर्षांनी मी ते वाचलं. तेव्हा लागू असलेल्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात, कलम 7 प्रमाणे, वस्तूच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर ती वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली हवी आणि नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेलं हवं. कलम 10 प्रमाणे कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागायची. मजल्याची तूट सगळ्यांत सारखी वाटून टाकणं यात बसतच नाही, कारण ‘थेट याच्या हयगयीमुळे’ हे चौघांबद्दल एकदम कसं म्हणणार? 2019 च्या वेतन संहितेतही ही अट कायम आहे. कॉरिडॉरमध्ये उघड्या ट्रॉलीवर असलेला टॉवेल, जो पाहुणा, इंजिनिअरिंगचा माणूस, रूम सर्व्हिसचा पोऱ्या असा कुणीही उचलतो (एसी गळायला लागला की खाली अंथरायला पहिला आमचाच बाथ टॉवेल जायचा), तो अटेंडंटच्या ताब्यात सोपवला होता असं तरी म्हणता येईल का, यावर वकील भांडू शकतील.

पुढे काय झालं

मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी केल्या. रिवॉशची वेगळी वही काढली: मजला, नग, डागाचा प्रकार, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. गाठोड्याबदली त्याच वेळी राखीव साठ्यातून नग द्यायला लावले. आणि लॉन्ड्रीला कळवलं की रिवॉशचं शून्य रुपयांचं चलन आल्याशिवाय टेम्पोत गाठोडं चढणार नाही. लॉन्ड्रीने आठवडाभर कुरकुर केली. मग त्या महिन्याचं बिल अडकलं, तेव्हा एका दुपारी टेम्पोतून दोन पोती उतरली. आत आमचे दोन पट्ट्यांचे टॉवेल, काही फिकट पिवळे, काही मेंदीने कायमचे गेलेले, काही स्वच्छ धुतलेले. ते इतके दिवस तिथल्या एका रॅकवर कुणाचे म्हणून ठेवले होते, ते लॉन्ड्रीवाल्यालाही सांगता आलं नाही. सगळी तूट त्यातून भरून निघाली नाही, पण बरीचशी निघाली. मेंदीचे नग डिस्कार्डची नोंद करून डस्टर कापायला दिले. पुढच्या खरेदीत टॉवेलांच्या किनारीत हॉटेलचं नाव विणून घेतलं. नगामागे थोडे जास्त पडले, ते मंजूर करायला वरून दोन महिने लागले.

आता पैशांचं. जूनच्या पगारात कपात झाली नाही. पटावरच्या आम्हा लोकांना आधीची रक्कम जुलैत मिळाली, ‘इन्सेंटिव्ह’ या रकान्याखाली. चूक झाली होती असा शब्द पावतीवर कुठेच यायला नको होता. पिशव्या तपासणं मात्र बंद झालं नाही. फरक एवढाच की आता सगळ्यांच्या तपासल्या जायच्या.

ठेकेदाराच्या लोकांची गोष्ट वेगळी झाली. त्यांची कपात ठेकेदाराने केली होती आणि हॉटेलने तेवढी रक्कम त्याच्या बिलातून वळती केली होती. उलट हिशोब करताना हॉटेलने ती ठेकेदाराच्या बिलात जमा केली आणि आपल्या बाजूने विषय संपवला. त्याच सुमारास ठेका बदलला. नवा म्हणाला, जुनं माझ्याकडे मागू नका. जुन्याने फोन उचलला नाही. मॅडमनी एचआरला लिहिलं, उत्तर आलं की आम्ही दिलेले आहेत. तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 नुसार ठेकेदाराने वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर ते मूळ मालकाने द्यायचं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं होतं, पण ते कलम त्या टेबलावर कुणीच काढलं नाही. ज्यांच्या पेन्सिलच्या रेघांवर सगळ्यांची कपात थांबली त्या मावशींना स्वतःचे आठशे-नऊशे रुपये परत मिळाले नाहीत.

मी नंतर त्या पैशांचा विषय काढला तर त्या वैतागायच्या. ‘आता त्यावर बोलून काय भाकरी भाजणार का? वहीत सही करायला चल, दादा चहाला जाईल.’

आज मी जिथे जिथे काम बघते तिथे ठेकेदाराचं बिल पास होण्याआधी त्याच्या माणसांच्या पगारपत्रकाची प्रत मागते आणि कपातीचा रकाना रिकामा नसेल तर कुणाचे, कशाचे आणि त्याला आधी विचारलं होतं का, हे लेखी घेते. अकाउंट्सवाल्यांना हे आवडत नाही. मागच्याच महिन्यात एकाने विचारलं, मॅडम, एवढ्या छोट्या रकमेसाठी बिल का अडवता? मी त्याला रिवॉशची वही दाखवायला सांगितली. ती त्याच्याकडे नव्हती.